गावकीचा हिशेब आणि शाळेची झोळी

गुहागर तालुक्यात पावतीपुस्तके वर्षातून दोनदा बाहेर पडतात. एकदा शिमग्याला आणि एकदा गणपतीला. मुंबईहून चाकरमानी घरी आलेला असतो, खिशात चार पैसे असतात, आणि गावातील देवळापासून क्रिकेटच्या संघापर्यंत प्रत्येकाला त्याची आठवण होते. देवळाचा जीर्णोद्धार, पालखीतील देवाची नवी रूपे, सभामंडपाची फरशी, वाचनालयाचे कपाट, माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेवरचे गळके छप्पर, अशा अनेक कारणांसाठी हात पुढे होतात. यांपैकी देवळाचे काम बहुधा पुरे होते. छपराचे मात्र पुढच्या गणपतीवर जाते. हे चित्र एकट्या गुहागरचे नव्हे. दापोलीपासून राजापुरापर्यंत कोणत्याही तालुक्यात ते थोड्याफार फरकाने दिसेल.

याचे कारण विचारले की ठरावीक उत्तर मिळते : लोक देवभोळे आहेत, शिक्षणाची त्यांना चाड नाही. हे उत्तर संस्थाचालकांच्या सोयीचे आहे. ते खरे मात्र नाही. ज्या माणसाने पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकविले, जो आपली मुलगी पदवीधर झाल्याचे सांगताना आजही हरखतो, त्याला शाळेची किंमत कळत नाही असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होय. फरक श्रद्धेचा नाही, पद्धतीचा आहे. देवळाची वर्गणी गावकीच्या बैठकीत ठरते. ती घरटी असते. कोणी किती द्यायचे ते सर्वांसमक्ष ठरलेले असते आणि गरिबाच्या घरालाही त्यातून वगळलेले नसते. उत्सव आटोपला की पुन्हा बैठक बसते, जमाखर्च मोठ्याने वाचला जातो, आणि नारळ किती आणले नि मंडपाचे भाडे एवढे कसे झाले, हे विचारण्याचा अधिकार शेवटच्या ओळीत बसलेल्यालाही असतो. या बैठकांत भांडणे होतात हे खरे. परंतु भांडण होते ते पैसा आपला वाटतो म्हणूनच. शाळेच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते. कार्यकारी मंडळातील दोघे-तिघे चार सधन घरांचे उंबरठे झिजवितात. किती मागायचे ते समोरच्याच्या मोटारीकडे पाहून ठरते. आणि वर्षाचा हिशेब लेखापरीक्षकाकडे व तेथून रत्नागिरीच्या धर्मादाय कार्यालयात जातो, पण ज्याने शंभर रुपये दिले त्याच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. ज्याला हिशेब मिळाला नाही तो पुढच्या खेपेस दार उघडतो, चहा देतो आणि पुढे पाहू म्हणतो.

थोड्यांकडून पुष्कळ घेण्यापेक्षा पुष्कळांकडून थोडे, तेही नियमाने घ्यावे, हा विचार या भूमीला नवा नाही. गुहागरच्या उत्तरेस दाभोळची खाडी ओलांडली की दापोली तालुका लागतो, आणि त्याच किनाऱ्यावर मुरुड हे धोंडो केशव कर्वे यांचे गाव आहे. कर्वे यांच्या नावाशी स्त्रीशिक्षण आणि विधवाविवाह या दोन गोष्टी इतक्या घट्ट बांधल्या गेल्या आहेत की, पैसा जमविण्याचे जे शास्त्र त्यांनी आयुष्यभर आचरणात आणले त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मुंबईत विद्यार्थी व शिक्षक म्हणून राहत असतानाच, १८८६ च्या सुमारास, त्यांनी ‘मुरुड फंड’ काढला. पोटापाण्यासाठी गाव सोडून गेलेल्यांनी आपल्या मिळकतीचा लहानसा अंश गावाच्या कामासाठी वेगळा काढावा, एवढीच त्यामागची कल्पना होती. तेव्हा त्यांच्यापाशी कीर्ती नव्हती, पदवी नुकतीच मिळाली होती, आणि विधवांच्या आश्रमाची स्थापना व्हायला अजून दहा वर्षे होती. देणाऱ्यांना ठाऊक होते ते एवढेच की, हा मनुष्य आपल्या गावचा आहे आणि पैचा हिशेब ठेवतो.

पुढे १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू झाले, तेव्हाही हीच रीत मोठ्या प्रमाणावर चालली. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवावे आणि सुट्टी लागली की झोळी घेऊन गावोगाव हिंडावे, असा त्यांचा क्रम होता. ते वक्ते नव्हते. सभा जिंकण्याची हातोटी त्यांच्यापाशी नव्हती. आश्रमात मुली किती, खर्च किती आणि शिल्लक किती, हे ते सांगत. आणि पुन्हा आले म्हणजे मागील खेपेच्या पैशाचे काय झाले तेही सांगत. १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, ते परदेशप्रवासास निघाले. यूरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका, असे हिंडत त्यांनी महिला विद्यापीठाची माहिती दिली व त्यासाठी मदत मागितली. आणि १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे ती काढण्यासाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापून या वृद्धाने पुन्हा दारोदार लहान लहान रकमा गोळा करण्यास आरंभ केला. ज्याला एका दात्याकडून पंधरा लाख मिळाले होते, त्याला हे करण्याची गरज काय होती, असा प्रश्न एखाद्याला पडेल. त्याचे उत्तर त्या पंधरा लाखांतच आहे. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला ही देणगी दिली. विद्यापीठाला दात्याच्या मातोश्रींचे नाव मिळाले, आणि १९३६ मध्ये त्याचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले. देणगी मोठी होती, तिने विद्यापीठ तगले, आणि तिच्याबद्दल कृतज्ञता असलीच पाहिजे. परंतु मोठा दाता आपले नाव आणि आपल्या अटी घेऊन येतो. त्यात त्याचा दोष नाही. पै-पैशाने देणारे शेकडो लोक अशी अट घालू शकत नाहीत. त्यांची एकच मागणी असते, आणि ती म्हणजे हिशेब.

कर्वे एकटे नव्हते. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने माणशी एक पैसा मागितला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने घरोघरच्या स्त्रियांकडून मूठभर धान्य मागितले आणि मुष्टिफंडावर वसतिगृहातील मुले जेवली. रत्नागिरी जिल्ह्यातच, संगमेश्वरला, पैसा फंडाचे नाव धारण करणारी शाळा आजही भरते. तेथील व्यापाऱ्यांच्या संस्थेने ते नाव टाकून एखाद्या धनिकाचे लावले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

गुहागरच्या गावांनी आपापल्या परीने हाच मार्ग चोखाळला होता, मात्र त्याचे केंद्र गुहागरात नव्हते. ते लालबाग, परळ, नायगाव, शिवडी येथील चाळींत होते. गावाच्या नावाने एक खोली असे. तिच्यात गावचे पुरुष पाळीपाळीने झोपत, भाडे वाटून घेत, आणि माणशी ठरलेली रक्कम गावच्या फंडात टाकीत. ग्रामस्थ मंडळाची वही त्या खोलीतल्या ट्रंकेत असे. विहिरीचा कठडा, देवळाची कौले, शाळेचे बाक, अशा कितीतरी गोष्टी या वहीतून निघाल्या. निधी हवा झाला की नमनाचा किंवा शक्ती-तुऱ्याचा प्रयोग परळच्या दामोदर नाट्यगृहात लावावयाचा, तिकिटे गिरणीतल्या सोबत्यांच्या गळ्यात मारावयाची, आणि उरलेले पैसे गावी पाठवावयाचे, ही रीतही याच मंडळांची. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने ही सारी व्यवस्था मुळापासून हलविली. गिरण्या गेल्या, पगार गेले, खोल्या विकल्या गेल्या; कुटुंबे विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूर अशी पांगली. मंडळे टिकली, त्यांतील काही आजही नेटाने काम करतात. परंतु पूर्वी एका खोलीत जमणारा गाव आता पन्नास इमारतींत विखुरला आहे.

यातील खरा धोका पैशाचा नाही. गिरणीतल्या कामगारापेक्षा त्याच्या नातवाची मिळकत कितीतरी अधिक आहे. धोका नात्याचा आहे. आजोबांना गावच्या शाळेत आपण कोणत्या भिंतीशी बसत होतो ते आठवत होते. बापाला मे महिन्याच्या सुट्टीतला गाव आठवतो. नातवाला व्याडेश्वराचे देऊळ आणि समुद्रकिनारा ठाऊक असतो, शाळा कोठे आहे ते ठाऊक नसते. ज्या पिढीला शाळेची आठवण आहे ती आता साठी-सत्तरीला आली आहे. तिच्या हयातीत पुढच्या पिढीची नावे वहीत चढली नाहीत, तर ती नंतर चढविण्यास कोणी उरणार नाही. व्याडेश्वर कित्येक घराण्यांचे कुलदैवत असल्यामुळे देशभरातून माणसे दर्शनास येत राहतील. शाळेला कुलदैवताचे भाग्य नसते.

एवढे असूनही संस्थांची नजर मोठ्या देणगीवरच खिळलेली असते. इमारतीला दाता मिळतो, कारण इमारतीवर पाटी लागते. खडूला, वीजबिलाला, वाचनालयाच्या सेवकाच्या तुटपुंज्या मानधनाला, दूरच्या वाडीवरून येणाऱ्या मुलीच्या एस.टी.च्या पासाला दाता मिळत नाही, कारण तेथे पाटी लावायला जागा नसते. परिणामी कोकणात अशा कित्येक वास्तू आहेत की, ज्यांच्या उद्घाटनाचा संगमरवर झळाळतो आणि आतील कपाटांची कुलुपे मात्र गंजलेली असतात. देणगीदाराला पाटीचा मोह होतो याबद्दल त्याला दोष देण्यापेक्षा संस्थेने त्याला स्पष्ट सांगावे की, खोली बांधल्यास ती दहा वर्षे चालविण्याची तजवीजही त्याच देणगीतून करावी लागेल. असे सांगण्याचे धैर्य फार थोड्या चिटणिसांत असते.

अलीकडे या आशेला कंपन्यांची जोड मिळाली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, आणि १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद अमलात आहे. तालुक्यात अंजनवेलला मोठे उद्योग असल्यामुळे साहजिकच तिकडे अर्ज जातात. ते जावेत; आलेली मदत नाकारण्यात काही शहाणपण नाही. परंतु एका उद्योगाच्या भरवशावर किती राहावे, याचा धडा गुहागरइतका दुसऱ्या कोणत्या तालुक्याला मिळाला असेल? एन्रॉनच्या पुढाकाराने आलेल्या दाभोळ वीज कंपनीचा प्रकल्प, नाव दाभोळचे असले तरी, उभा राहिला तो गुहागर तालुक्यात. १९९९ मध्ये त्याची वीज सुरू झाली, २००१ मध्ये ती बंद पडली, त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील मूळ कंपनीचे दिवाळे निघाले, आणि २००५ मध्ये नव्या सार्वजनिक कंपनीने प्रकल्प हाती घेईपर्यंत तेथील यंत्रे थंड होती. ज्यांनी या प्रकल्पाच्या भरवशावर दुकाने थाटली आणि खोल्या बांधल्या, त्यांना त्या चार वर्षांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शाळेने कंपनीकडून संगणक घ्यावेत, शौचालये बांधून घ्यावीत. पण ज्या खर्चावाचून शाळेचे दार उघडणार नाही तो कंपनीच्या वार्षिक अंदाजपत्रकावर टांगू नये.

मग मागावे कसे? मोघम मागू नये, ही पहिली गोष्ट. ‘संस्थेस सढळ हाताने मदत करावी’ या वाक्याने आजवर कोणाचा हात सढळ झाला असेल तर ते आश्चर्यच. प्रयोगशाळेचे छप्पर घालावयास इतका खर्च आहे, इतके जमले आहेत, इतके कमी आहेत आणि पावसापूर्वी काम पुरे व्हावयाचे आहे, असे सांगितले म्हणजे ऐकणाऱ्याला आपला वाटा मनाशी ठरविता येतो. दुसरे असे की, अनोळखी माणसाकडे जाण्याआधी ओळखीच्याकडे जावे, आणि तेही ज्याची त्याच्याशी ओळख आहे त्याने जावे. माजी विद्यार्थ्यांची यादी ही शाळेची खरी मिळकत. परंतु जुनी हजेरीपुस्तके वाळवीच्या स्वाधीन करून संपर्कासाठी मंत्र्यांच्या स्वीय सहायकाचा शोध घेणाऱ्या संस्था कमी नाहीत. तीनशे माजी विद्यार्थ्यांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाला ३,६०,००० रुपये होतात. त्यांतील शंभर जण मध्येच थांबले, तरी २,४०,००० उरतात. एका ग्रामीण वाचनालयाचा किंवा लहान वसतिगृहाचा श्वास चालू ठेवण्यास ही रक्कम क्षुल्लक नव्हे. आणि तिचे मोल रकमेहूनही तिच्या नियमितपणात आहे, कारण पुढील वर्षी काय हाती असेल ते आज कळते.

नाटक-नमनाच्या प्रयोगांविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. नाट्यगृहाचे भाडे, ध्वनिक्षेपक, छपाई, पाहुण्यांचे नारळ-शाली आणि मंडळींचे जेवण जाता हाती काय उरते, याचा ताळा तिकिटे छापण्यापूर्वी मांडला तर निम्मे प्रयोग होणारच नाहीत. पांगलेला गाव एका संध्याकाळी एकत्र येतो, हाच या प्रयोगाचा खरा लाभ समजावा, आणि दाराशी तिकीट फाडणाऱ्याच्या शेजारी मासिक वर्गणीची वही घेऊन कोणी तरी बसावे.

विद्यार्थ्यांना तिकिटे आणि डबे देऊन दारोदार पाठविण्याची प्रथा मात्र बंद झाली पाहिजे. मुलाने शाळेसाठी श्रम करावेत, अंगण झाडावे, झाडे लावावीत. त्याने शाळेसाठी पैसे मागणे वेगळे. ज्या घरातून तिकिटे खपत नाहीत त्या घरातील मूल वर्गात खाली मान घालून बसते, ही किंमत कोणत्याही छपरापेक्षा जास्त आहे. पालकांकडून प्रवेशाच्या वेळी घेतलेली ‘ऐच्छिक’ रक्कम हीदेखील देणगी नव्हे. प्रवेशासाठी असे पैसे घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, अडलेल्याकडून घेतलेला पैसा पुढे दात्याचे प्रेम आणीत नाही. शिक्षकांनाही वसुलीचे कारकून करू नये. शिक्षक आपल्या जुन्या विद्यार्थ्याला चार ओळी लिहील तर त्याचा परिणाम दहा पत्रकांहून अधिक होईल. पण ते त्याच्या खुशीने व्हावे, मुख्याध्यापकांच्या परिपत्रकाने नव्हे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शाळा चालविणे हे सरकारचे कर्तव्य असताना लोकांनी पुन्हा वर्गणी का द्यावी? शिक्षकांचे वेतन, सुरक्षित वर्गखोली, पिण्याचे पाणी यांसाठी लोकांनी झोळी फिरविणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे होय, हे खरेच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर प्राथमिक शाळेच्या बाबतीत तर याविषयी शंकेला जागाच नाही. म्हणून वर्गणी कशासाठी मागावयाची आणि मोर्चा कशासाठी न्यावयाचा, याची सीमारेषा संस्थेने स्वतः आखली पाहिजे. पुस्तके, वाडीवरल्या मुलींच्या प्रवासाची सोय, वसतिगृह, विज्ञानाची जादा उपकरणे, गावच्या वाचनालयाची संध्याकाळची वेळ वाढविणे, ही कामे लोकांची; पडक्या भिंतीचे काम जिल्हा परिषदेचे, आणि त्यासाठी जिल्हा परिषदेलाच धारेवर धरावे. शिवाय, जेथे मुलेच उरली नाहीत तेथे देणगीने शाळा वाचत नाही, हेही कटू असले तरी मान्य केले पाहिजे. वाडीतील तरुण कुटुंबे मुंबईस गेली म्हणजे पट घसरतो. तेथे छपरापेक्षा शेजारच्या गावी मुलांना नेणाऱ्या वाहनाचे भाडे ही अधिक शहाणपणाची देणगी ठरते.

राहिला हिशेब. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये नोंदलेल्या संस्थांना जमाखर्च ठेवून तो तपासून घ्यावा लागतो. नोंदणी नसलेल्या मंडळालाही धर्मादाय कारणासाठी पैसा गोळा करावयाचा तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, ही गोष्ट बहुतेक मंडळांच्या गावीही नसते. आता मोबाइलवरील चौकोनी ठिपक्यांच्या खुणेने क्षणात पैसे देता येतात. सोय उत्तम, पण ती खूण संस्थेच्या खात्याची आहे की खजिनदाराच्या खासगी खात्याची, हे आधी पाहावे. खजिनदार सचोटीचा असला तरी खासगी खात्यात पडलेला पैसा संशयाला आमंत्रण देतो, आणि गावात संशय हा पावसाळ्यातल्या शेवाळासारखा वाढतो. ‘८०-जी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करसवलतीचे आमिष दाखविण्यापूर्वीही विचार करावा. ती देण्यास संस्थेला आयकर खात्याची मान्यता असावी लागते आणि देणगीदारांचे वार्षिक विवरण भरावे लागते. २,००० रुपयांवरील रोख देणगीस ती सवलत मिळत नाही. आणि जे नव्या करपद्धतीत गेले आहेत त्यांना ती मुळीच नाही. दरमहा शंभर रुपये देणारा करासाठी देत नसतोच.

परदेशी गेलेल्या गुहागरकरांच्या बाबतीत एक बारकावा संस्थांनी ध्यानात ठेवावा. भारताचे नागरिकत्व कायम असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेला पैसा परकीय देणगी ठरत नाही. परंतु ज्याने अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले आहे, तो येथल्याच शाळेत शिकलेला असला तरी कायद्याच्या दृष्टीने परकीय होतो. त्याच्याकडून पैसा घेण्यास २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो. लहान संस्थेला हा व्याप झेपणारा नाही. अशा दात्याला पैशाऐवजी त्याच्या मुंबईतील वर्गमित्रांची यादी करून देण्याची विनंती करणे अधिक फायद्याचे.

यांपैकी कोणत्याही कामाला मोठ्या विद्वत्तेची जरुरी नाही. तालुक्यात निवृत्त शिक्षक, पोस्टातले, बँकेतले व कचेरीतले निवृत्त कारकून गावोगाव आहेत. रोजकीर्द आणि खतावणी कशी लिहितात ते त्यांना सांगावे लागत नाही. दोघांनी वही सांभाळावी, तिसऱ्याने ती तिमाहीस तपासावी, आणि सही कोणाही एकाची चालू नये. मागील वर्षी कोणी किती दिले, कशावर किती गेले आणि शिल्लक किती, हे दोन पानांवर छापून शंभर रुपये देणाऱ्यासही पाच हजार देणाऱ्याइतकेच आदराने पाठवावे. गावकीच्या बैठकीत देवळाच्या जमाखर्चापाठोपाठ शाळेचाही वाचावा. भातलावणी आटोपल्यावर गणपतीपर्यंत मिळणारे चार-सहा आठवडे या दोन पानांसाठी पुरेसे आहेत, आणि मुंबईच्या गाड्या भरून येऊ लागण्यापूर्वी ती छापून तयार असावीत.